बंद सांध्याच्या आत

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मी पशुवैद्य आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ओळखीची माणसं अजून फोन करतात. कुणाच्या मांजरीनं खाणं सोडलेलं असतं, कुणाच्या कुत्र्यानं मोजा गिळलेला असतो. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते सांध्याच्या दुर्बिणीविषयी. 'आर्थ्रोस्कोपी' हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी क्रिकेटच्या बातम्यांत वाचला असेल. एखाद्या गोलंदाजाचा गुडघा किंवा खांदा दुखावतो, दोन-तीन छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते आणि काही महिन्यांनी तो पुन्हा मैदानात दिसतो. हीच शस्त्रक्रिया घोड्याच्या आणि कुत्र्याच्या सांध्यावरही होते, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. तिचा इतिहास मोठा रंजक आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगतो, कारण या इतिहासाकडे मी वळलो तो त्या चुकीमुळे.

१९८७ सालची गोष्ट. पुण्यात माझा दवाखाना होता. पेठेत राहणाऱ्या, शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या एक बाई आपला कुत्रा घेऊन आल्या. सात महिन्यांचा अल्सेशियन. नाव बंड्या, आणि नावाला शोभेल असाच. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, हा सकाळी उठला की पुढच्या उजव्या पायानं लंगडतो. चार पावलं चालला की नीट होतो. संध्याकाळी खेळून आला की पुन्हा तेच." मी पाय दाबून पाहिला. पंजा पाहिला, नखं पाहिली, काटाबिटा रुतलाय का ते पाहिलं. एक्स-रे काढला. स्वच्छ. पंधरा दिवसांनी पुन्हा काढला. पुन्हा स्वच्छ. वाढत्या वयाचं दुखणं आहे, आपोआप जाईल, असं सांगून मी कॅल्शियमची बाटली लिहून दिली.

बाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. मी जरा वैतागूनच म्हणालो, "बाई, काही नाही झालेलं त्याला. लाडावलाय, नखरे करतोय." त्या शांतपणे म्हणाल्या, "कुत्र्याला नखरे करून काय मिळणार, डॉक्टर?" आणि पैसे देऊन निघून गेल्या.

बंड्या नऊ वर्षं जगला. तिसऱ्या वर्षी त्याचं कोपर जाड झालं. पाचव्या वर्षी त्याला जिना उतरवेना, तेव्हा बाईंनी आपला पलंग वरच्या खोलीतून खाली आणला. ते सगळं मी पाहत होतो, वेदनाशामक गोळ्या देत होतो, आणि त्या स्वच्छ एक्स-रेमागे काय दडलं होतं ते मला कळत नव्हतं.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' असं आपण म्हणतो. सांध्याचीही मूठ झाकलेलीच असते. दोन हाडांची टोकं, त्यांच्यावर ओल्या खोबऱ्यासारखी पांढरीशुभ्र, गुळगुळीत कूर्चा, मध्ये वंगणासारखा थोडासा चिकट द्रव आणि या सगळ्याला वेढणारी बंद पिशवी. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. म्हणजे दुखण्याची सुरुवात जिथं होते, नेमकी तीच जागा आंधळी. शस्त्रक्रिया करून सांधा उघडला तर दिसेल. पण उघडायचा म्हणजे स्नायू बाजूला सारायचे, पिशवी कापायची, महिना-दीड महिना जखम सांभाळायची, आणि आत काहीच निघालं नाही तर? केवळ संशयावरून सांधा उघडण्याची हिंमत सहसा कुणी करत नसे.

शरीर न फाडता आत डोकावण्याची धडपड मात्र दोनशे वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत फ्रांकफुर्ट इथं फिलिप बोझिनी नावाचा तरुण डॉक्टर होता. १८०६ च्या सुमारास त्यानं एक उपकरण तयार केलं. फुलदाणीसारखा पत्र्याचा डबा, आत मेणबत्ती, मागं आरसा आणि पुढं नळी. मेणबत्तीचा उजेड नळीतून शरीराच्या पोकळीत टाकायचा आणि डोळा लावून पाहायचं. व्हिएन्नाच्या वैद्यक विद्यापीठातल्या बड्या मंडळींनी त्याची कदर केली नाही. १८०९ मध्ये रुग्णांची सेवा करतानाच तापानं बोझिनी गेला. वय अवघं पस्तीस.

पुढं १८५३ मध्ये फ्रान्समध्ये देझोर्मो यांनी मेणबत्तीच्या जागी दिवा आणला. अल्कोहोल आणि टर्पेंटाइनच्या मिश्रणावर तो जळायचा. उजेड वाढला, तशी भाजण्याची भीतीही वाढली. १८७७ मध्ये जर्मनीतल्या माक्सिमिलियान नित्से यांनी दिवा बाहेर न ठेवता नळीच्या टोकालाच नेला. मूत्राशयात पाहण्यासाठी त्यांनी केलेल्या या दुर्बिणीत प्लॅटिनमची तार तापून उजळायची आणि ती थंड राहावी म्हणून भोवती पाणी खेळवावं लागायचं. लवकरच एडिसनचा विजेचा दिवा आला आणि त्याची इवलीशी आवृत्ती या दुर्बिणीच्या टोकावर बसली. मूत्राशयाची दुर्बीण अशी स्थिरावली. पण सांध्यात डोकावावं हे अजून कुणाच्या मनात आलेलं नव्हतं.

ते आलं १९१२ मध्ये. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक सेव्हेरिन नॉर्डेनटॉफ्ट यांनी बर्लिनमध्ये जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत गुडघ्यात दुर्बीण घालून पाहण्याबद्दल निबंध वाचला. 'आर्थ्रोस्कोपी' हा शब्द त्यांचाच. ग्रीक भाषेत 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा आणि 'स्कोपेइन' म्हणजे पाहणं. निबंध वाचला गेला, छापला गेला आणि विसरलाही गेला.

यानंतरची खरी गोष्ट घडते जपानमध्ये, आणि तिचं कारण आपल्याला चटकन समजेल असं आहे. त्या काळी जपानमध्ये गुडघ्याचा क्षय फार होता. तो झाला की गुडघा आखडून काठीसारखा ताठ व्हायचा. जपानी माणूस आपल्यासारखाच जमिनीवर बसणारा. जेवण जमिनीवर, पाहुण्यांचं स्वागत जमिनीवर, देवाला नमस्कार जमिनीवर. ज्याचा गुडघा वाकत नाही तो घरातच परका होणार. म्हणून रोग लवकर ओळखला पाहिजे, गुडघा ताठ होण्याआधी. टोकिओ विद्यापीठातले प्राध्यापक केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशयाची दुर्बीण घेतली आणि मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिलं. पुढं त्यांनी खास सांध्यासाठी दुर्बीण बनवली, ती सात मिलिमीटरहून जाड होती. जिवंत माणसाच्या गुडघ्यासाठी ती फार जाड. कमी करत करत १९३१ मध्ये ते साडेतीन मिलिमीटरपर्यंत आले.

त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये ऑयगेन बिर्शर गुडघ्यात वायू भरून, तो फुगवून पाहत होते. न्यूयॉर्कमध्ये मायकेल बर्मन यांनी मृतदेहांचे एकामागून एक सांधे पाहून १९३१ मध्ये सविस्तर निबंध लिहिला. गुडघा दिसतो, खांदा दिसतो, पण कोपर? कोपराच्या सांध्यातली जागा इतकी अरुंद की ते या तपासणीला योग्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. श्रोतेहो, हे वाक्य जरा लक्षात ठेवा. माणसाच्या कोपराबद्दल हे म्हटलं गेलं. बंड्याचं कोपर त्याहून लहान होतं.

दुसऱ्या महायुद्धात हे काम थंडावलं. युद्धानंतर ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ते पुन्हा हाती घेतलं. टोकिओत टपाल-तार खात्याच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या तेशिन रुग्णालयात ते काम करत. एकामागून एक दुर्बिणी बनवायच्या, वापरायच्या, दोष शोधायचे आणि पुढची बनवायची. प्रत्येकीला क्रमांक. १९५७ मध्ये त्यांनी सांध्याच्या अंतर्भागाचा चित्रसंग्रह काढला. तेव्हा आतले फोटो नीट येत नसत, म्हणून चित्रकाराकडून रंगीत चित्रं काढून घेतलेली. त्यानंतर आली ती प्रसिद्ध एकविसावी दुर्बीण. टोकाशी छोटासा दिवा असलेली. तो दिवा गुडघ्यातच फुटण्याची धास्ती असे, पण दिसायचं मात्र लख्ख. ४ मे १९६२ रोजी वातानाबे यांनी बास्केटबॉल खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलाच्या गुडघ्यातल्या गादीचा फाटलेला भाग दुर्बिणीतून पाहत काढून टाकला. पाहण्याचं साधन आता बरं करण्याचं साधन झालं होतं.

१९६४ मध्ये कॅनडाचे तरुण डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन टोकिओला शिकायला गेले. ऑलिंपिकचं वर्ष होतं. कुणाकडून तरी वातानाबेंचं नाव कानावर आलं आणि ते तेशिन रुग्णालयात जाऊन पोहोचले. दोघांमध्ये एक साधा सौदा ठरला. जॅक्सननी वातानाबेंना इंग्रजी शिकवायचं आणि वातानाबेंनी जॅक्सनना दुर्बीण शिकवायची. जॅक्सन परत गेले ते एकविसावी दुर्बीण सामानात घेऊनच. तिथून ही विद्या अमेरिका खंडात पसरली. १९७४ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष म्हणून वातानाबेंचीच निवड झाली. गुरूचा मान गुरूला मिळाला.

या प्रवासात एक भारतीय नावही आहे. पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत त्यांनी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. या तंतूंमुळे दिवा सांध्याबाहेर ठेवून फक्त उजेड आत नेणं शक्य झालं. दिवा फुटण्याची भीती संपली. याच हॉपकिन्स यांनी १९५९ मध्ये आणखी एक युक्ती काढली. जुन्या दुर्बिणीच्या नळीत छोटी भिंगं आणि त्यांच्यामध्ये हवेची लांब पोकळी असे. हॉपकिन्सनी ते उलटं केलं. पोकळीच्या जागी काचेच्या कांड्या घातल्या आणि मध्ये हवेची अगदी छोटी फट ठेवली. कितीतरी जास्त उजेड डोळ्यापर्यंत येऊ लागला. जर्मनीतल्या कार्ल श्टोर्त्झ यांनी ती कल्पना उचलली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीला तशा दुर्बिणी बाजारात आणल्या. उजेड भरपूर मिळू लागला की नळी बारीक करता येते. वातानाबे स्वतःही १९७० मध्ये १.७ मिलिमीटरच्या दुर्बिणीपर्यंत पोहोचले होते. म्हणजे लहान सांध्याचं दार किलकिलं झालं.

आता वळू या जनावरांकडे.

मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो. शेजारचं बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८४ चं आणि महाविद्यालय १८८६ चं. मुंबईच्या ट्राम तेव्हा घोडे ओढत होते आणि माल बैलगाड्यांतून जात होता. जनावर लंगडलं म्हणजे माणसाची रोजी लंगडली. त्यामुळे लंगडेपणा हा आमच्या शास्त्राचा जुना विषय. उपाय मात्र मोजके होते. विश्रांती, शेक, मालिश आणि लोखंड तापवून डागणं. बैलाच्या खांद्यावर, घोड्याच्या पायावर डागण्यांचे वण तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले असतील. हा केवळ खेड्यातला अडाणीपणा होता असं समजू नका. युरोपातल्या पशुवैद्यांच्या पुस्तकांतही तो उपाय होता. दिसत नाही तिथं माणूस डागतो, असंच म्हणायचं.

सांध्याची दुर्बीण जनावरांत रुळली ती आधी घोड्यांमुळे, आणि त्यामागं भूतदयेइतकाच पैसाही होता. शर्यतीच्या घोड्याच्या पुढच्या पायाच्या गुडघ्यात वेगामुळे हाडाचे लहान टवके उडतात. आपण त्याला गुडघा म्हणतो, पण रचनेनं ते घोड्याचं मनगट आहे. टवका काढण्यासाठी सांधा उघडला की घोड्याचा हंगाम जायचा, कधी कारकीर्दही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात काम केलेले वेन मॅकइलरेथ यांनी दुर्बिणीतून हे टवके काढण्याची पद्धत शिस्तशीर बसवली. १९८४ मध्ये त्यांचं घोड्यांच्या आर्थ्रोस्कोपीवरचं पुस्तक आलं आणि पुढं ते या विषयाचं पाठ्यपुस्तकच झालं.

कुत्र्याच्या वाट्याला ही विद्या हळूहळू आली. १९७८ मध्ये अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात सीमरिंग यांचा कुत्र्यांच्या आर्थ्रोस्कोपीवरचा लेख आला. १९८१ मध्ये ब्रिटनच्या 'व्हेटरनरी रेकॉर्ड'मध्ये किवुंबी आणि बेनेट यांनी कुत्र्याच्या गुडघ्याबद्दल लिहिलं. मग बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात बर्नाडेट फान रिसेन आणि हेन्री फान ब्रे यांनी कुत्र्याचा खांदा आणि कोपर यांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९९३ मध्ये त्यांचे निबंध आले. दुर्बीण नेमकी कुठून घालायची, आत निरोगी कोपर कसं दिसतं, हे त्यांनी नकाशा काढावा तसं मांडून ठेवलं. बर्मन यांनी अयोग्य ठरवलेलं कोपर, आणि तेही कुत्र्याचं, अखेर उजेडात आलं.

आणि तिथं काय दिसलं? कुत्र्याच्या कोपरात तीन हाडं एकत्र येतात. वर दंडाचं एक आणि खाली दोन. खालच्यांपैकी एका हाडाला आतल्या बाजूनं एक छोटी कड असते. लॅब्रॅडॉर, अल्सेशियन, रॉटवायलर अशा मोठ्या जातींच्या पिल्लांत, हाडं झपाट्यानं वाढत असताना, या कडेला भेग पडते किंवा तिचा तुकडा सुटतो. वय साधारण पाच ते आठ महिने. पिल्लू उठल्यावर लंगडतं, थोडं चाललं की बरं वाटतं, खेळलं की पुन्हा लंगडतं. एक्स-रेमध्ये ही कड शेजारच्या हाडाच्या सावलीत झाकली जाते, म्हणून फोटो बहुतेक वेळा स्वच्छ येतो. तुमच्या लक्षात आलंच असेल, मी कुणाबद्दल बोलतोय.

खांद्यातही असाच एक आजार होतो. कूर्चेचा पापुद्रा सुटतो आणि कधी कधी तुटून सांध्याच्या द्रवात फिरत राहतो. पाश्चात्त्य डॉक्टर अशा फिरत्या तुकड्याला 'सांध्यातला उंदीर' म्हणतात. आज इथं, तर उद्या तिथं. उंदीर पकडायला घर पाडायचं की बिळातून हात घालायचा, असा हा प्रश्न होता.

२००३ च्या सुमारास एका परिषदेत मी पहिल्यांदा हे मोठ्या पडद्यावर पाहिलं. पुढं माझ्या एका तरुण सहकाऱ्यानं हे शिकून घेतलं. माणसांच्या हाडांच्या डॉक्टर मित्राकडून त्यानं लहान सांध्यांची दुर्बीण मागून आणली आणि एका लॅब्रॅडॉरच्या कोपरावर शस्त्रक्रिया केली. मी शेजारी उभा होतो.

कुत्र्याला पूर्ण भूल दिलेली. पायाचे केस काढून जागा निर्जंतुक केलेली. आधी एक सुई सांध्यात गेली आणि गवताच्या रंगाचा पातळ द्रव बाहेर आला. निरोगी सांध्यातला द्रव मधासारखा तार धरतो. हा धरत नव्हता. मग सलाइनसारखं द्रावण आत भरून पिशवी फुगवली. चार-पाच मिलिमीटरचा छेद घेऊन बोथट टोकाच्या सळईनं वाट केली आणि तिच्यामागून दुर्बीण आत गेली. कुत्र्यासाठी साधारण दोन ते पावणेतीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण लागते. तिचं टोक तीस अंशांत तिरकं असतं, त्यामुळे नुसती फिरवली तरी आजूबाजूचं दिसतं. दुसऱ्या छेदातून हत्यार. डोळे पडद्यावर आणि हात खाली, त्यामुळे हत्यार दुर्बिणीच्या समोर आणणं हेच मोठं कसब. नवख्याची आंधळी कोशिंबीर होते आणि त्या गडबडीत निरोगी कूर्चेवर ओरखडे पडतात. आत भरलेलं पाणी सांध्याबाहेर झिरपून पाय सुजतो तो वेगळाच. सोपं काम नाही.

पडद्यावर आधी सांध्याच्या अस्तराचे लाल झालेले धागे पाण्यातल्या शेवाळासारखे हलताना दिसले. मग पांढरी कूर्चा. आणि मग ती कड. तिथली कूर्चा किसलेल्या खोबऱ्यासारखी झालेली. सहकाऱ्यानं आकड्याचं टोक तिच्यावर टेकवलं, आणि तुकडा हलला. बाहेर काढला तेव्हा मोठ्या तांदळाच्या दाण्याएवढा होता. दोन टाके घातले. कुत्रा दुसऱ्या दिवशी घरी गेला.

तो दाणा मी तळहातावर घेतला होता. मला बंड्या आठवला. 'नखरे करतोय' हे माझे शब्द आठवले. आणि कॅल्शियमची बाटलीही. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ उलट बिघडते, हे आता पक्कं माहीत झालेलं आहे. म्हणजे मी नुसता आंधळा नव्हतो, तर अंधारात काठीही फिरवत होतो.

इथवर ऐकून कुणाला वाटेल की दुर्बीण आली आणि सगळं बरं झालं. तसं नाही, आणि ते सांगितलं नाही तर हा इतिहास अर्धवट राहील.

अमेरिकेत ह्यूस्टन इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात झालेल्या एका विलक्षण प्रयोगाचा निबंध २००२ मध्ये आला. झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांचे तीन गट केले. काहींचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा नुसता धुतला आणि काहींच्या कातडीवर फक्त छेद घेऊन टाके घातले. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनंतर तिन्ही गटांत फरक नव्हता. झिजलेल्या गुडघ्यासाठी सर्रास होणाऱ्या या शस्त्रक्रियेला त्या निबंधानं मोठा हादरा बसला. तुकडा अडकलाय, पापुद्रा सुटलाय अशा वेळी दुर्बीण उपयोगाची आहे. झीज मात्र ती धुऊन काढू शकत नाही.

कुत्र्याचंही तेच आहे. खांद्यातला सुटा पापुद्रा काढला तर बहुतेक कुत्री छान चालू लागतात. कोपराचं तसं नाही. तुकडा काढून पुष्कळांना आराम पडतो, पण सांध्याची झीज पुढं चालूच राहते, आणि किती कुत्र्यांना कायमचा फायदा होतो याबद्दल जाणकारांत आजही मतभेद आहेत. जाणकार पशुवैद्य हे मालकाला आधीच सांगतो. वजन आटोक्यात ठेवा, बेतानं फिरवा, निसरड्या फरशीवर सतरंजी घाला, या साध्या गोष्टींची जागा दुर्बीण घेत नाही.

आणखी एक मजेशीर अभ्यास सांगतो. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. संधिवातानं लंगडणाऱ्या ज्या कुत्र्यांना औषध म्हणून नुसतीच गोळी दिली होती, त्यांच्या मालकांना विचारलं, कुत्रा सुधारला का? पुष्कळांनी 'हो' म्हटलं. कुत्रा जमिनीवर किती भार टाकतो हे यंत्रानं मोजलं, तर बऱ्याच वेळा फरक नव्हता. अन् मालकांनाच हसू नका. तपासणाऱ्या पशुवैद्यांचीही तशीच फसगत झाली होती. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि इथं ज्याचं जळतं तो मुका. त्याच्या वतीनं बोलणारे आपण सगळे आपल्याला हवं तेच पाहतो. बाईंना बंड्या लंगडताना दिसत होता कारण तो लंगडत होता. मला तो लंगडताना दिसेना कारण माझा एक्स-रे स्वच्छ होता.

ती शस्त्रक्रिया पाहिल्यानंतर काही दिवसांनी मी बाईंकडे गेलो. बंड्या जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. त्यांचा पलंग अजून खालच्याच खोलीत होता. मी त्यांना सगळं सांगितलं. कड, तुकडा, तांदळाचा दाणा. त्यांनी शाळेतल्यासारखे प्रश्न विचारले. "हे यंत्र तेव्हा आपल्याकडे होतं का?" मी म्हटलं, "नव्हतं." "परदेशात?" "नुकतं सुरू होत होतं." त्या म्हणाल्या, "मग त्यात तुमचा दोष नाही."

मला हायसं वाटलं. मी चहाचा कप उचलला. तेव्हा त्या म्हणाल्या, "पण डॉक्टर, तुम्ही 'काही नाही' म्हणालात. 'मला काही दिसत नाही' असं म्हणायला हवं होतं. मी त्याला उगीच रागावले नसते. नखरे करतो म्हणून मी त्याला दोन महिने ओढत फिरायला नेत होते."

यावर मी काय बोलणार? चहा संपवला आणि नमस्कार करून निघालो. बाई आता नाहीत. पण त्यानंतर जितकी वर्षं दवाखाना चालवला, तितकी वर्षं माझ्या तोंडून 'काही नाही झालेलं' हे वाक्य जपूनच निघालं.

श्रोतेहो, बोझिनीच्या मेणबत्तीपासून आजच्या दोन मिलिमीटरच्या दुर्बिणीपर्यंतचा हा इतिहास म्हणजे 'काही नाही' आणि 'मला दिसत नाही' या दोन वाक्यांमधलं अंतर थोडं थोडं कमी करत आणणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. आजही ते अंतर पुरतं मिटलेलं नाही. कुत्र्यामांजरांची आर्थ्रोस्कोपी आपल्याकडे मोठ्या शहरांत आणि तीही मोजक्याच ठिकाणी होते. खर्चही सगळ्यांना झेपणारा नसतो. पण त्यातला एक भाग फुकट आहे, आणि तो तुमच्या हाती आहे. तुमचं पिल्लू उठताना लंगडत असेल, तर कधी लंगडतं, किती पावलं लंगडतं, कोणत्या पायानं, हे लिहून ठेवा. आताच्या मोबाइलवर त्याच्या चालण्याचं चित्रण करून पशुवैद्याला दाखवा, कारण दवाखान्यात आल्यावर घाबरलेलं जनावर बऱ्याचदा नीट चालतं. आणि डॉक्टर 'काही नाही' म्हणाले, तर न रागावता एवढंच विचारा, "नाही, की दिसत नाही?"

बाईंनी मला हा प्रश्न विचारला नव्हता, तो मला फार उशिरा कळला. तुम्ही वेळेवर विचारा.